सांगू का शेवट?

"थोर चित्रपट आणि सासरे, या दोहोंविषयी आधी काहीही माहीत नसावे, माहिती आली की आदर गेलाच म्हणून समजा!"

प्राध्यापकमहाशयांनी हा सिद्धांत प्रथम मांडला तो सासऱ्यांच्या घरी, सासऱ्यांच्या आरामखुर्चीत बसून, सासऱ्यांच्या समक्ष. सासरे हसले नाहीत. सिद्धांत मात्र टिकला आणि जावईही टिकला. तेव्हा दोहोंपैकी एक तरी चिवट असलाच पाहिजे.

प्राध्यापक सौंदर्यशास्त्र शिकवीत. जगातून सौंदर्य गेले आणि शास्त्र तेवढे मागे राहिले, याचा त्यांना एक थंड, इस्त्री केलेला राग होता. त्या रागापायी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ते समोरच्याकडे फक्त पाहत; आणि समोरच्याला आपण माणूस नसून शुद्धलेखनाची चूक आहोत असे वाटू लागे. ही नजर ते विशेषतः एका जातीच्या लोकांसाठी राखून ठेवीत. "मी काही सांगत नाही हं, फक्त शेवटी जबरदस्त धक्का आहे एवढंच सांगतो," असे म्हणणारी ती जात. धक्का आहे हे ज्याला सांगितले त्याला धक्का कसला? तो बिचारा पहिल्या दृश्यापासून भिंतीला पाठ लावून, दात आवळून बसणार! दरोडेखोर निदान तोंड बांधून येतात. हे लोक तोंड उघडून दरोडा घालतात.

म्हणून प्राध्यापक चित्रपटाला जात ते नामावली संपल्यावर. कोणी काढला, कोणी काम केले, फार काय चित्रपटाचे नाव काय, ही सगळी त्यांच्या मते माहितीच होती. आणि माहिती म्हणजे पाहण्याआधीच डोळ्यांत घातलेली धूळ. आयुष्यात पाहिलेल्या निम्म्याअधिक चित्रपटांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. "तो पाहिलास का, ज्यात एक माणूस सायकलवरून जातो आणि मग जात नाही?" अशा खुणांवर त्यांचा सगळा रसास्वाद चाले.

परंतु या सर्वांहून निराळा असा एक चित्रपट होता. घरात त्याला नुसते "तो" म्हणत. प्राध्यापकांच्या गुरूंनी निवृत्त होताना शिष्याला जवळ बोलावून सांगितले होते, "एक चित्रपट असा आहे की तो काहीही न जाणता पाहशील तर दुसरा पाहण्याची गरज उरणार नाही." आता नाव सांगितले तर तेही जाणणेच! तेव्हा गुरूंनी ते सांगितले शिष्याच्या वाग्दत्त वधूच्या कानात. ती म्हणाली, "हा होय? मी पाहिलाय." तेव्हापासून तो चित्रपट त्या शहरात एकदाही लागला नाही, आणि त्याचे नावगाव, आदि-अंत सर्व काही त्या एका बाईंच्या पोटात राहिले.

बाई पुढे एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेत त्यांना छडी लागत नसे, आणि घरी तर नाहीच नाही. घरी एक वाक्य पुरे होई.

"मी मिशी काढणार नाही!" प्राध्यापक गरजत.

"सांगू का शेवट?" बाई भाजी निवडता निवडता विचारीत.

मिशी गेली. भिंतींचा रंग, पंख्याचा वेग, मांजर पाळायचे की नाही, मेहुण्याने दर शनिवारी जेवायला यायचे की नाही, हे सर्व प्रश्न याच तीन शब्दांनी निकालात निघाले. अणुबाँब बाळगणारी राष्ट्रे एकमेकांशी जशी सभ्यपणे वागतात, तसा तो संसार अत्यंत सुखाचा झाला. फरक इतकाच, की बाँब एकाच बाजूकडे होता.

आणि एके दिवशी बाई शाळेतून आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, तो लागतोय. येत्या शनिवारी."

प्राध्यापकांनी हातातला कप खाली ठेवला आणि दोन्ही हात कानांवर नेले.

चित्रपट दाखवणार होते ते गावातले चित्रपट मंडळ. या मंडळाची एक रीत होती, आणि ती रीत प्राध्यापकांच्या डोळ्यांत कित्येक वर्षे कुसळासारखी सलत होती. प्रत्येक चित्रपटाआधी एक विख्यात समीक्षक प्रस्तावना करीत. समीक्षकांचा आवाज मधाळ, व्यासंग अफाट. आणि व्यासंग लपवणे हे त्यांना पाप वाटे. "नायिका शेवटी पाण्यात उडी घेते, हे महत्त्वाचं नाही," असे ते डोळे मिटून सांगत, "ती का घेते, हे पाहा!" एवढे झाल्यावर दिवे मालवत आणि सभागृहभर लोक नायिका पाण्याजवळ जाण्याची वाट बघत घड्याळे पाहत बसत.

प्राध्यापकांनी ही प्रस्तावना बंद व्हावी म्हणून अर्ज केले, भाषणे केली, एकदा तर प्रस्तावना चालू असताना कानांत बोटे घालून उच्च स्वरात पाढे म्हटले. शेवटी मंडळाचे चिटणीस घरी आले.

"सर, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. शनिवारी दुपारी प्रस्तावना नाही. तुम्ही काहीही न जाणता चित्रपट बघायचा आणि संपल्यासंपल्या बोलायचं. लोकांना पटलं, तर प्रस्तावना कायमची बंद."

"आणि नाही पटलं तर?"

चिटणिसांनी नजर चुकवली. "तर समीक्षक म्हणतायत, त्यांना मध्यंतरातही बोलू द्यावं."

"मान्य!" प्राध्यापक उठून उभे राहिले. "मनुष्यजातीला रिकाम्या डोक्याने पाहता येतं, हे मी शनिवारी सिद्ध करून दाखवीन!"

"रिकाम्या डोक्याने," बाई आतून म्हणाल्या, "हे तर तुम्ही कधीच सिद्ध केलंय."

आता आठवडा तेवढा निभावून न्यायचा होता. पण ज्या गोष्टीविषयी कित्येक वर्षे गावात कोणी चकार शब्द काढला नव्हता, त्याच गोष्टीविषयी सारे गाव एकाएकी वाचाळ झाले! बसथांब्यावर, वाचनालयात, दूध घेताना, जो तो "शनिवारी जाणार ना?" असे म्हणून तोंड उघडू लागला. प्राध्यापकांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि ते आठवडाभर काढलेच नाहीत. वर्गात विद्यार्थ्यांनी शंका विचारल्या, त्यांना त्यांनी मानेने संमती दिली. त्यामुळे चार मुलांना घरी जायची परवानगी मिळाली आणि एका मुलीचे लग्नही ठरल्याचे समजले. त्याच आठवड्यात त्यांच्या इमारतीतली जुनी लिफ्ट जाऊन नवी आली. "अहो, ही बोलते!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "हो हो, पोळते," प्राध्यापक म्हणाले आणि चहाच्या कपावर फुंकर घालू लागले.

शुक्रवारी ते केस कापायला गेले. न्हाव्याने डावी बाजू कापून काढली आणि आरशातून मोठ्याने, बोळ्यांनाही भेदून जाईल अशा आवाजात म्हटले, "उद्याचा सिनेमा आमच्या हिनं पाहिलाय बरं का सर! त्यात ती बाई जेव्हा..."

प्राध्यापक गळ्याभोवतीच्या कापडासकट रस्त्यावर आले. उजवी बाजू राहिली ती राहिलीच. आरशात पाहिले तेव्हा एका बाजूने विद्वान आणि दुसऱ्या बाजूने न आवरलेले अंगण असे ते दिसत होते. बाईंनी मुकाट्याने माळ्यावरून लोकरी टोपी काढून दिली.

परंतु खरा धोका घराबाहेर नव्हता. खरा धोका म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. त्याला सगळे भोंगा म्हणत. भोंगा व्यवसायाने दंतवैद्य होता, आणि तो व्यवसाय त्याने निवडला तोच मुळी बोलण्यासाठी. कारण ज्याचे तोंड उघडे आहे पण ज्याला बोलता येत नाही असा श्रोता दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? भोंग्याच्या खुर्चीत बसलेल्याची दाढ निघे तोवर त्याने दोन चित्रपट ऐकलेले असत. "दुखलं का?" "आँ." "नाही ना? तर मग तो पोलीस म्हणतो..."

भोंग्यालाही यायचे होते. बाईंनी त्याला समोर उभे केले.

"सभागृहात शिरल्यापासून सिनेमा सुरू होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणाशीही नाही! हो नाही, नाही नाही, काही नाही."

"ताई, अगं पण मी पाहिलेलाच नाहीये तो! मी काय सांगणार?"

"न पाहिलेलं तू जास्त सांगतोस."

भोंग्याने हिरमुसून तोंडावर बोट ठेवले. आणि पुढे जे काही घडले, त्याचे मूळ या एका शपथेत आहे. बोलणाऱ्या माणसाने बोलून केलेले नुकसान भरून काढता येते. गप्प बसलेल्या बोलक्या माणसाने केलेले नुकसान मात्र निस्तरता निस्तरत नाही!

शनिवारी दुपारी तिघे निघाले. मंडळ चित्रपट दाखवी त्या इमारतीत सभागृहे दोन: समोर मोठे, डावीकडे छोटे. मोठ्याच्या दालनात चित्रपटाची मोठमोठी छायाचित्रे लावलेली, हे बाईंनी आधीच पाहून ठेवले होते. तेव्हा दारातच प्राध्यापकांच्या डोळ्यांवर झोपताना बांधायची काळी पट्टी चढली. कानांत बोळे, डोळ्यांवर पट्टी, डोक्यावर उन्हाळ्यात लोकरी टोपी. रसिकतेची एवढी कडेकोट तयारी करून क्वचितच कोणी कलेच्या दारात गेले असेल. बाईंनी त्यांचा हात भोंग्याच्या हातात दिला आणि त्या गाडी लावायला वळल्या.

आता त्याच वेळी छोट्या सभागृहात काय चालले होते, तेही सांगायला हवे. तिथे एका लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीने आपल्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण ठेवले होते. त्यासाठी मुख्य कचेरीतून एक मोठे साहेब यायचे होते. प्रशिक्षकांनी दारावरच्या माणसाला बजावून ठेवले होते, "टोपी घालतात. ऐकायला जरा कमी येतं. हाताला धरून, सांभाळून आणा."

दारावरच्या माणसाने पाहिले: टोपी आहे, हाताला धरून आणलेले आहेत, आणि "नमस्कार साहेब" म्हटल्यावर मान दुसऱ्याच दिशेला वळते आहे. त्याने भोंग्याला विचारले, "हेच ना ते बोलणारे साहेब? आतले प्रमुख पाहुणे?"

भोंग्याला सांगता आले असते की हे चित्रपटवाले. कोणत्या आत, कोणते प्रमुख, असा दहा मिनिटांचा प्रश्न विचारता आला असता. आयुष्यात त्याने याहून क्षुल्लक कारणासाठी तास घालवले होते. पण शपथ! त्याने जोरजोरात मान डोलावली.

"द्या माझ्याकडे. मी बसवतो."

भोंगा हलक्या मनाने मोठ्या सभागृहात शिरला आणि मागच्या रांगेत ताईसाठी जागा धरून बसला. पुढे पहिल्या रांगेत वक्त्यासाठी राखीव खुर्ची होती. थोड्याच वेळात एक टोपीधारी गृहस्थ इकडेतिकडे पाहत आले, कोणी अडवले नाही म्हणून त्या खुर्चीवर बसले. चिटणिसांनी लांबून टोपी पाहिली. बाईंनी लांबून टोपी पाहिली. दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. दिवे मालवले.

इकडे छोट्या सभागृहात प्राध्यापकांनी पट्टीच्या कडेने येणारा उजेड गेल्याचे जाणले. नामावली संपायला लागेल एवढा वेळ त्यांनी मनातल्या मनात श्वास मोजले, पट्टी वर सरकवली, एका कानातला बोळा काढला आणि आयुष्यभर जपून ठेवलेली आपली कोरी नजर पडद्यावर नेऊन ठेवली.

एक लांब, रिकामी मार्गिका. टोकाला एक करडे दार. निळ्या कपड्यांतला एक माणूस चालत येतो. घाई नाही, संगीत नाही. तो दारापाशी थांबतो. दार उघडते. आत काहीही नाही! नुसता काळोख, खोल, खाली खाली जाणारा. माणूस पाऊल उचलतो... आणि त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर, सबंध पडदाभर, तांबडी फुली येते!

प्राध्यापकांच्या अंगावर काटा आला. दिग्दर्शकाने स्वतःच्या नायकावर पहिल्याच प्रसंगात काट मारली! ही हिंमत!

"दार उघडलं म्हणून आत मजला असेलच असं नाही," एक धीरगंभीर आवाज म्हणाला. "आधी पाहा. मग पाऊल टाका."

"अहाहा!" प्राध्यापक पुटपुटले. आयुष्यभर मी दुसरे काय सांगत आलो?

दुसरा प्रसंग. लिफ्टमध्ये माणसे दाटीवाटीने उभी. आणखी एक आत शिरतो. घंटा वाजते, दार मिटत नाही. सगळे एकमेकांकडे पाहतात. कोणी उतरायचे? एक लठ्ठ गृहस्थ पोट आत ओढून घेतात. घंटा वाजतच राहते.

"लोकशाही!" प्राध्यापक शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

"नाही साहेब," निळ्या गणवेशातला शेजारी अदबीने म्हणाला, "ओव्हरलोड."

"तोच! अगदी तोच शब्द!" प्राध्यापकांनी त्याचा हात दाबला. मंडळाने शेवटी निवृत्त मंडळींना वगळून कष्टकऱ्यांना चित्रपट दाखवायला आणले, याने त्यांना भरून आले.

आणि मग तो प्रसंग. एक म्हातारे गृहस्थ आणि एक तरुणी, एकमेकांना अनोळखी, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेले. दिवा मंद होतो. तरुणी घंटा दाबते. वरून तोच आवाज येतो: "घाबरू नका. तुमची हाक ऐकली गेली आहे. मदत येईपर्यंत एकमेकांशी बोलत राहा."

प्राध्यापकांनी टोपीने डोळे पुसले. कुठल्या तत्त्वज्ञाला इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगता आले होते? शेवटी निळा माणूस गच्चीवरच्या खोलीत जातो, एक मोठा खटका खाली ओढतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो आणि जिना उतरू लागतो. एक मजला, आणखी एक मजला, एकटा. पडदा काळा झाला. आणि मग पुन्हा तीच मार्गिका, तेच करडे दार, तोच माणूस! पहिल्यांदा सगळे झोपतात म्हणून प्रशिक्षक फिल्म नेहमी दोनदा दाखवीत. प्राध्यापक मात्र खुर्चीत मागे रेलले. "चक्र!" ते क्षीण आवाजात म्हणाले. "शेवट नाहीच मुळी! म्हणून ही इतकी वर्षं नुसतं 'सांगू का' म्हणायची, सांगत कधीच नव्हती!"

दिवे लागले. प्रशिक्षक हात चोळत पुढे आले. "साहेब, दोन शब्द बोलावेत."

प्राध्यापक मंचावर गेले. पाठीमागे कंपनीचा फलक होता, पण वक्त्याने पाठीमागे पाहायचे नसते.

"मित्रहो! मी खुल्या दिलाने सांगतो. इथे येईपर्यंत मला यातलं काहीएक माहीत नव्हतं!"

तंत्रज्ञांनी एकमेकांकडे पाहिले. मागून कोणीतरी दबल्या आवाजात म्हणाले, "मुख्य कचेरीनं कबूल केलं रे!" आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा प्राध्यापकांनी जन्मात ऐकला नव्हता.

"आणि माहीत नाही हेच माझं भांडवल! ज्यांना सगळं आधीच माहीत असतं, ते काळोखात पाऊल टाकून मोकळे होतात!"

"एकदम बरोबर!" एक दांडगा गृहस्थ उभा राहिला. "आमचे सुपरवायझर, साहेब! नावच घेतलंत जसं काही!"

"बस खाली," शेजारच्याने त्याचा सदरा ओढला, "ते इथंच बसलेत."

प्राध्यापक पेटले. त्यांनी फुलीवर भाष्य केले, घंटेवर भाष्य केले, जिन्यावर तर असे काही बोलले की एका तरण्याबांड तंत्रज्ञाने नाक शिंकरले. बिचारा नोकरीला लागल्यापासून जिनेच उतरत होता. शेवटी त्यांनी दोन्ही हात उंचावले. "आणि ते वाक्य! म्हणा माझ्याबरोबर! मदत येईपर्यंत..."

"एकमेकांशी बोलत राहा!" सभागृह घुमले.

"पुन्हा! आणि पुन्हा! ज्याला या वाक्यावर आक्षेप असेल त्याने हात वर करावा!" एकही हात वर गेला नाही. "जाणारच नाही! या वाक्याविरुद्ध जगात युक्तिवाद असू शकत नाही!"

नेमक्या याच क्षणी बाई दारात येऊन थबकल्या. मोठ्या सभागृहात दिवे लागले तेव्हा टोपीखालून भलतेच गृहस्थ निघाले होते आणि त्या नवऱ्याला शोधत धावत आल्या होत्या. त्यांनी फलक पाहिला, गणवेश पाहिले, पडद्यावर थिजलेले लिफ्टचे दार पाहिले. आणि मग मंचावरचा आपला नवरा पाहिला. अर्धे केस कापलेला, हातात टोपी, गाल ओले, चेहरा दिव्यासारखा. चुकीच्या उत्तराला शाळाभर टाळ्या मिळवून आलेली मुले बाईंनी पुष्कळ पाहिली होती. त्यांना लगेच सांगायचे नसते, डबा खाऊन झाल्यावर सांगायचे असते.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडी काढायला सांगतायत."

"अगं! इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलंस? तो जिना?"

"हं."

"आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू!"

"हं."

बाहेर भोंगा हातवारे करीत धावत आला. "भाऊजी! अहो, होतात कुठे तुम्ही? तिकडे..." बाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा घेतला की त्याची सबंध पेशंटमंडळी एका क्षणात सूड घेऊन गेली. फाटकापाशी प्राध्यापकांनी कापसाचे बोळे समारंभपूर्वक कचरापेटीत टाकले.

"आता जगात मला कशाचीही भीती नाही! आणि ऐक, ते 'सांगू का शेवट' आजपासून बंद! उद्यापासून मी मिशी ठेवणार!"

बाईंनी गिअर जरा जोरातच टाकला.

घरी पोहोचल्यावर तिघे लिफ्टमध्ये शिरले. शनिवार होता, भोंगा जेवायलाच होता. दोन मजले गेले आणि लिफ्टने एक आचका दिला. थांबली. दिवा मंद झाला. प्राध्यापकांनी घंटा दाबली.

"घाबरू नका," वरून एक धीरगंभीर आवाज म्हणाला. "तुमची हाक ऐकली गेली आहे. मदत येईपर्यंत एकमेकांशी बोलत राहा."

"पाहिलंत!" प्राध्यापक हर्षाने ओरडले. "याला म्हणतात थोर कलाकृती! दुपारी दाखवली आणि संध्याकाळी लिफ्टवाल्यांनी वाक्य उचललंसुद्धा!"

बाई चपलांकडे पाहत होत्या. प्राध्यापकांची नजर सावकाश भिंतीवर गेली. तिथे एक सूचनाचित्र होते. निळ्या कपड्यांतला माणूस, करडे दार, आणि माणसाच्या चेहऱ्यावर तांबडी फुली.

"अगं," ते म्हणाले, "हा... हा आपला नायक."

भोंग्याला आता राहवेना. "भाऊजी, तुम्ही छोट्या सभागृहात गेलात! तिकडे लिफ्टवाल्यांचं प्रशिक्षण होतं. आणि त्यांचे साहेब तुमच्या खुर्चीत! काय रडले हो, काय रडले! चिटणिसांनी त्यांना उभं केलं, तर म्हणाले, 'मला वाटलं लिफ्टची फिल्म आहे. मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं हो!' आणि पुन्हा रडायला लागले. सगळं सभागृह सुन्न! समीक्षकांनासुद्धा बोलवेना. चिटणिसांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, यापुढे प्रस्तावना बंद!"

प्राध्यापक भिंतीला टेकले. म्हणजे सिद्धांत सिद्ध झाला होता. कित्येक वर्षांचा लढा जिंकला होता. जगातला तो एकमेव निष्कलंक प्रेक्षक प्रत्यक्ष अवतरला होता, त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच गावात. फक्त तो ते स्वतः नव्हते! मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळू लागला.

"म्हणजे... मी तो अजून पाहिलेलाच नाही! मला अजून काहीच माहीत नाही! मी अजून कोरा आहे!"

"अगदी कोरे," बाई म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा नवऱ्याहून अधिक उजळला. "मिशीचं मग राहू दे हं."

दोघे एकमेकांकडे पाहून हसले. हसता हसता दोघांनाही एकदमच आठवले की लिफ्टमध्ये तिसराही कोणी आहे. त्याने तो चित्रपट आजच पाहिला आहे. आणि त्याची शपथ दुपारीच संपली आहे.

"पण काय सिनेमा हो भाऊजी!" भोंग्याचे डोळे चमकू लागले. "सुरुवातीलाच ती म्हातारी..."

बाईंनी झडप घालून त्याचे तोंड दाबले. प्राध्यापकांचा हात खिशात गेला. कापूस नव्हता! त्यांनी कानांत बोटे घातली. पण चिमुकल्या पोलादी पेटीत भोंग्याच्या आवाजापुढे बोटांची ती काय मातब्बरी? त्यांनी पुन्हा घंटा दाबली, पुन्हा, आणि पुन्हा.

"मदत येईपर्यंत," तो आवाज शांतपणे म्हणाला, "एकमेकांशी बोलत राहा."

मुख्याध्यापिका होत्या त्या. नियमाचा आवाज ऐकला की त्यांचा हात आपोआप सैल होई. प्राध्यापकांनी त्या वाक्याविरुद्ध घाईघाईने एखादा युक्तिवाद शोधून पाहिला. सापडला नाही.

"ऐकलंत ना? नियम म्हणजे नियम!" भोंगा म्हणाला. त्याने दाराला पाठ लावली, दंड चोळला, घसा खाकरला, आणि पार नामावलीपासून सुरुवात केली.